पयल्यासारखो आसा काय?

सिनेमावर अधूनमधून चार ओळी लिहितो म्हणून कुडाळच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत, एसटीची वाट बघताना लोक मला गाठतात. पिच्चर बरा आहे का, असं हल्ली कोणी विचारत नाही. ‘कांतारा’च्या आधीची कथा सांगणारा ‘कांतारा: चॅप्टर 1’ आला तेव्हापासून प्रश्न ठरलेला आहे: “पयल्यासारखो आसा काय?” तुम्हीही तोच विचारलात म्हणून एकदा नीट सांगतो. नाय. पयल्यासारखो नाय. आणि तसा असता तर तुम्हीच बाहेर पडताना म्हटलं असतंत, “ताच ता दाखवल्यानी.”

आधी पहिला ‘कांतारा’ आपण कसा पाहिला ते आठवा. 30 सप्टेंबर 2022ला तो फक्त कन्नडमध्ये लागला. हिंदीत यायला 14 ऑक्टोबर उजाडला, तोही तिकडच्या लोकांनी इतकी बोंब उठवली म्हणून. तो लिहिणारा, दिग्दर्शित करणारा आणि त्यात नायक असलेला ऋषभ शेट्टी हे नाव आपल्याकडे फारसं कोणाच्या कानावर नव्हतं. बघूया तर काय आहे, एवढ्याच बोलीवर आपण आत शिरलो. आणि आत निघालं सगळं घरचंच. जमिनीचा राखणदार, त्याला दिलेला शब्द, शब्द मोडल्यावरचा कोप, अंगात येणं. पंजुर्ली आणि गुळिग ही दैवतांची नावं तुळुनाडूची, म्हणजे कर्नाटकच्या किनारपट्टीची, पण ज्यांच्याकडे देवचाराच्या, म्हणजे गावाच्या राखणदाराच्या, जागेवर नारळ ठेवल्याशिवाय कुदळ मारत नाहीत त्यांना ती समजावून सांगावी लागली नाहीत. शेवटाकडे अंगात आलेल्या देवाची ती आरोळी उठली तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने गुपचूप चपला काढल्या आणि पाय वर घेऊन मांडी घातली. एसी हॉलमध्ये. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मग तीन वर्षं गेली. नोव्हेंबर 2023मध्ये पहिली झलक आली आणि तिथून पुढे प्रत्येक तुकड्याचा कीस पडला. सप्टेंबर 2025मध्ये तर एक पोस्टर फोनाफोनांवर फिरलं: सिनेमा बघेपर्यंत मांस, दारू, सिगारेट वर्ज्य. ते खोटं होतं, आमचा त्याच्याशी संबंध नाही असं खुद्द शेट्टींनी सांगितलं. पण लोकांना ते खरं वाटलं, यातच काय ते आलं. (आमच्याकडे नवरात्र चालूच होतं, त्यामुळे अर्ध्या गावाने तो नियम न वाचताच पाळला.) ज्या सिनेमासाठी माणूस उपास धरायला तयार होतो त्याने मग नुसती करमणूक करून भागत नाही. त्याने दर्शन द्यायला हवं.

त्यात प्रदर्शनाचा दिवस 2 ऑक्टोबर, दसरा. सिंधुदुर्गात दसऱ्याला गावोगाव तरंग, म्हणजे देवाचे सजवलेले खांब, बाहेर पडतात, अवसार येतो, म्हणजे देव अंगात येतो, गाऱ्हाणी घातली जातात, आपट्याचं सोनं लुटलं जातं. दुपारी देवळासमोर खरा अवसार बघायचा आणि रात्री गाडी काढून गोव्यातल्या हॉलात पडद्यावरचा. या सामन्यात कॅमेरा जिंकेल असं कोणाला वाटलं कोण जाणे. पहिला सिनेमा ऑक्टोबरच्या एखाद्या आडवारी पाहिला होता, तेव्हा त्याची गाठ कोणाशीच नव्हती.

खरी गोष्ट अशी की त्या तीन वर्षांत आपण प्रत्येकाने आपापला एक सिनेमा काढून ठेवला होता. माझ्या सिनेमात पहिल्यातल्या नायकाच्या बापाची गोष्ट होती, जंगलात नाहीसा झालेल्या. प्रत्यक्षात शेट्टी पार कदंब राजांच्या काळात गेले: राजवाडा, राजकन्या, बंदर, मसाल्याचा व्यापार. पहिला अर्धा तास मी पडद्यावर माझा बाप शोधत होतो. शेजारचा माणूस बहुतेक त्याचं काहीतरी शोधत होता, कारण आम्ही दोघंही सारखे हलत होतो. मध्यंतरात वडापाव खाताना जी चर्चा चालली होती ती समोर दिसलेल्या सिनेमाची नव्हतीच, न दिसलेल्या सिनेमांची होती.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. ‘स्टार वॉर्स’चा तिसरा सिनेमा 1983चा. त्यानंतर थेट 1999च्या मे महिन्यात ‘द फँटम मेनेस’ आला, आधीची कथा सांगणारा. सोळा वर्षांची भूक. त्याचं ट्रेलर बघण्यासाठी अमेरिकेत लोकांनी भलत्याच सिनेमाची तिकिटं काढली आणि ट्रेलर संपल्यावर उठून गेले. थिएटरबाहेर काही आठवडे आधीपासून माणसं रांगा लावून बसली. सिनेमाने पैसा रग्गड मिळवला आणि जुन्या चाहत्यांत तो शिवीसारखा झाला. त्यातल्या जार जार बिंक्स या विनोदी पात्रावर इतकी झोड उठली की ते करणाऱ्या अहमद बेस्ट या नटाने, आपण तेव्हा जीव द्यायच्या टोकाला गेलो होतो, असं पुढे सांगितलं. पण तेव्हा जी पोरं आठ-नऊ वर्षांची होती त्यांना तेच पात्र आवडलं होतं. त्यांच्यामागे सोळा वर्षं नव्हती. आता ती तिशी ओलांडलेली आहेत आणि त्या सिनेमाविषयी प्रेमाने बोलतात.

तरी सगळा दोष प्रेक्षकांच्या माथी मारायला मी तयार नाही. ‘अपेक्षाच फार होत्या हो’ ही बनवणाऱ्यांची आवडती पळवाट आहे. ‘फँटम मेनेस’चं एक दुखणं अस्सल होतं. आधीच्या सिनेमांत जी शक्ती नुसती जाणवायची, तिचं प्रमाण आता रक्त तपासून कळायला लागलं. देवपणाचा लॅब रिपोर्ट! आधीची गोष्ट सांगणाऱ्या सिनेमांना हा रोग हमखास जडतो. पहिल्या सिनेमात जो कोपरा अंधारात ठेवल्यामुळे अंगावर काटा आला होता, तिथेच जाऊन दिवा लावतात. मागणी आपलीच असते. कुठून आलं ते दाखवा, कोणी स्थापलं ते सांगा. दाखवलं की म्हणायचं, मजा नाही आली.

‘चॅप्टर 1’बद्दल माझी तक्रार नेमकी ही. पहिल्यात देव मोजून येतो, आणि येईपर्यंत जमिनीची भांडणं, रानडुकराची शिकार, आईच्या शिव्या यांतच आपण रमलेले असतो. दुसऱ्यात तो वरचेवर येतो, वेगवेगळ्या रूपांत, आणि दर वेळी आधीपेक्षा मोठा. शेवटी शेवटी मी देव बघायचं सोडून ग्राफिक्स बघत होतो. शेट्टींचं काम मात्र कमी नाही. अंगात आल्यावर तो माणूस जे करतो ते दुसऱ्या कोणाला जमेल असं मला वाटत नाही.

शेवट माहीत असल्याने आधीच्या कथेतली गंमत जाते, असंही काही जण म्हणतात. कोकणातल्या माणसाने तरी हे बोलू नये. ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेचा 2016मधला पहिला भाग अण्णा नाईकांच्या मरणापासून सुरू झाला, आणि 2019मध्ये जो आला तो अण्णा जिवंत असतानाचा. हा माणूस मरणार हे घरोघर ठाऊक. तरी रात्री भांडी तशीच ठेवून सगळे टीव्हीपुढे, कारण तो माईशी कसा वागतो, शेवंताकडे कसा बघतो, हे बघायचं होतं. आणखी एक, पहिल्याचा शेवट आमच्याकडे बऱ्याच जणांना पटला नव्हता. दुसऱ्याची वाट कोणी बघत नव्हतं. ते त्याला फावलं.

दशावतारात, आमच्या जत्रांतल्या लोकनाट्यात, तर शेवट न माहीत असलेला प्रेक्षकच नसतो. लिहिलेली संहिता नाही, एका बाकड्याचं सिंहासन, आणि संवाद उभ्या उभ्या सुचलेले. राक्षस मरणार हे ठाऊक असूनही लोक पहाटेपर्यंत बसतात, कारण आज हा राजा काय बोलतो ते उद्याच्या जत्रेत तसंच ऐकायला मिळणार नसतं. पण अलीकडे ‘संयुक्त दशावतार’ होतात. निरनिराळ्या मंडळांतले नावाजलेले कलाकार एका रात्रीत एकत्र, हायवेवर मोठमोठे बॅनर, ‘ट्रिकसीनयुक्त’ अशी ठळक अक्षरं. गर्दी तुफान. आणि पुष्कळदा प्रयोग पडतो. प्रत्येक जण आपली टाळी घेऊन जागा सोडतो, समोरच्याचं वाक्य झेलायला कोणी थांबत नाही. तेच नट आठवड्याच्या मधल्या वारी एखाद्या लहान वाडीच्या जत्रेत दीड-दोनशे माणसांपुढे उभे राहिले की बघा.

तेव्हा अजून गेला नसाल तर जा, पण पहिला न बघितलेलं कोणीतरी सोबत न्या. मी भाच्याला नेलं होतं. सातवीतला पोर, पहिल्याच्या वेळी घरी ठेवला होता. तो तोंड उघडं टाकून बघत राहिला आणि घरी आल्यावर पहिला बघायचाच म्हणून हटून बसला. लावून दिला. तासाभराने बाहेर आला तो कुरकुरतच. “मामा, अर्दो पिच्चर झालो. नुसते भांडतत. देव खंय?”