बिनदेवाचे नाणे

गुरुपुष्यामृताच्या दुपारी भाचीच्या मुलीच्या बारशासाठी सोन्याचे नाणे घ्यायला मी सराफाच्या पेढीवर गेलो होतो. काउंटरवरच्या मुलाने मखमली तबकात एक, दोन आणि पाच ग्रॅमची नाणी मांडली. प्रत्येक नाणे प्लास्टिकच्या कार्डात बंद होते आणि त्यावर ९९९ ही शुद्धता छापलेली होती. बहुतेकांवर कमळातली लक्ष्मी, काहींवर सोबतीला गणपती. मी विचारले, "देव नसलेले नाणे आहे का हो?" शेजारी मंगळसूत्राच्या वाट्या पाहत बसलेल्या बाईंनी माझ्याकडे असे पाहिले, की त्यांनी मला तत्काळ नास्तिकांत जमा केले असावे.

मी नास्तिक नाही. परंतु सोने घेतानाच ते मोडण्याचाही विचार करून ठेवावा, असे माझे जुने मत आहे, आणि लक्ष्मी उमटवलेले नाणे मोडायला सहसा कोणाचा हात धजत नाही. ते एकदा पूजेत बसले की देवघराचे होते. पुढे कितीही नड आली तरी आधी बांगड्या जातात, मग गोफ जातो, आणि नाणे मात्र हळदीकुंकवाची पुटे अंगावर घेत डबीत बसून राहते. सरकारने २०१५ साली काढलेल्या सोन्याच्या नाण्यावर एका बाजूला अशोकचक्र आणि दुसऱ्या बाजूला गांधीजी आहेत. ते मला चालले असते, कारण गांधीजी नोटांवरून रोजच खर्च होतात आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. पण ते त्या पेढीवर नव्हते. बँकांमध्येही नाणी मिळतात, मात्र बँक नाणे विकते, परत घेत नाही. तेव्हा तो विचार मी केलाच नाही. शिवाय नाणे जितके लहान, तितकी त्याची घडणावळ सोन्याच्या मानाने जड पडते. कार्ड फोडू नका, नाहीतर परत देताना कटकट होते, असेही त्या मुलाने बजावले. म्हणजे ज्या मुलीसाठी नाणे घ्यायचे, तिने ते हातात धरायचेच नाही! शेवटी मी चोख सोन्याचे वेढणे घेतले. त्यावर देव नाही, नक्षी नाही, आणि वेळ पडली तर हवा तेवढा तुकडा कापून देता येतो. भाची बहुधा नाक मुरडेल.

हे खूळ माझ्यात आजीकडून आले. तिच्याजवळ चांदीचे राणीछाप रुपये होते: वजन तोळाभर, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांतले अकरा भाग चांदी. रुपया हातात आला की आजी तो उंबऱ्याच्या दगडावर टाकून त्याचा नाद ऐके. १९४० मध्ये इंग्रज सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. ही गोष्ट तिला कोणी वाचून दाखवली नसणार. ती तिला कानाने कळली होती, आणि तसले राजाछाप रुपये ती वेगळ्या पुरचुंडीत बांधून ठेवी. लक्ष्मीपूजनाला राणीछाप रुपये रिठ्याच्या पाण्याने लख्ख होऊन पाटावर बसत आणि व्हिक्टोरियाच्या कपाळी कुंकू लागे. राणी विधवा होती, हे आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हते.

पुढे १९७२चा दुष्काळ आला. घरातली माणसे खडी फोडायला जाऊ लागली आणि ताटात मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, तांबडी भाकरी आली, जी लहान मुलांच्या घशाखाली उतरत नसे. तेव्हा एका बाजारच्या दिवशी आजीने ते रुपये पदरात बांधले. "अगं, पूजेतले आहेत ते," असे आजोबा म्हणाले. त्यावर ती म्हणाली, "ती राणी काय आपल्या कुळातली आहे?" आणि ती सराफाकडे चालू लागली. वर्षानुवर्षे जिला कुंकू लावले, तिच्याविषयी हे बोलताना तिला तिळमात्र संकोच वाटला नाही. सराफाने काय भाव दिला, ते तिने घरात कोणालाच सांगितले नाही. संध्याकाळी ती परतली तेव्हा डोक्यावर ज्वारी होती, आणि पुरचुंडीतले राजाछाप रुपयेही तिने पुढच्याच बाजाराला नेले.