बोटीचं कार्पेट बदलताना माप जुन्यावरून घेऊ नका

टिचबटणांवर बसवलेलं, काढता-घालता येणारं कार्पेट लव (वरचे उभे धागे) झिजून बाद होतं असा समज आहे. प्रत्यक्षात आधी गोट (कडेला शिवलेली पट्टी) उसवतो, मग बटणाभोवतीचं कापड फाटतं आणि एक कोपरा कायम वर उचललेला राहतो. त्यात कुणाचा पाय अडकला की नव्या कार्पेटचा विषय निघतो.

आपल्याकडे खाऱ्या हवेचा त्रास नाही. त्रास आहे तो काळ्या मातीचा आणि उन्हाचा. नाथसागर, म्हणजे पैठणचा जायकवाडी जलाशय, पसरट आणि उथळ, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी लांब हटतं आणि काठचा गाळ तुडवतच बोटीत चढावं लागतं. हा गाळ लवेत वाळला की त्याचे कण पॉलिश पेपरसारखे धागे मुळाशी कापत राहतात. वरून ४२ अंशांचं ऊन. त्यात पाठीचं व्हिनाइल वर्षागणिक कडक होतं आणि आकसतं. म्हणून जुना तुकडा नव्यावर ठेवून खडूने रेघ मारायची नाही. तो कडेने बोट-दोन बोटं कमी भरतो, आणि तेवढंच नवं कापलं तर शेवटची बटणं स्टडपर्यंत (बोटीच्या तळाला स्क्रूने बसवलेला बटणाचा जोडीदार भाग) पोचत नाहीत.

जाड पारदर्शक प्लास्टिक तळावर ताणून चिकटपट्टीने बसवा. कडा, झाकणं, पाणी जायची भोकं, प्रत्येक स्टडचा मध्य, सगळं मार्करने उतरवा. त्यावरच ‘वरची बाजू’ आणि ‘पुढे’ असं लिहा. हे राहिलं की कार्पेट उलट कापलं जातं, कारण कापताना पाठ वर असते आणि नमुनाही पालथा घालावा लागतो. भिंतीलगत सगळीकडून १ सेंमी आत कापायचं, गोटाची जाडी त्यातच सामावते. लवेचा रोख सगळ्या तुकड्यांत एकाच दिशेला ठेवा, नाहीतर उन्हात दोन तुकडे दोन रंगांचे दिसतात.

कापड पॉलिप्रॉपिलीनचं घ्या. ते पाणी पीत नाही. पाठ जाड व्हिनाइलची हवी. गोंदाने चिकटवायचं पातळ कार्पेट स्वस्त मिळतं, पण मोकळं अंथरलं की कडांना वळतं. मंडपवाल्यांची हिरवी-लाल मॅट तर नकोच. तिला पाठच नसते, बटण दोनदा ओढलं की ते भोकासकट हातात येतं. तागाच्या पाठीचं घरगुती कार्पेट एका पावसाळ्यात कुजतं. रंग फिका राखाडी बरा. गडद निळा दुकानात छान दिसतो, दुपारी अनवाणी पाय ठेवून बघा.

हिशेब असा: २.४ बाय ०.९ मीटरचे दोन तुकडे असतील तर प्रत्येकाचा घेर ६.६ मीटर, दोन्हींचा १३.२. गोटाची पट्टी १५ मीटर घ्या. बटणं ४० सेंमीवर एक धरली तर तुकड्याला १७, एकूण ३४. आणा ५०, कारण पहिली पाच-सहा वाया जाणारच.

गोट गाड्यांची सीट कव्हरं शिवणाऱ्याकडून मारून घ्या, घरच्या मशीनची सुई एवढ्या जाडीत मोडते. दोरा मात्र आपण नेऊन द्यायचा, उन्हात टिकणारा पॉलिस्टरचा. सुती दोरा कुजतो आणि नव्या कार्पेटचा गोट पुन्हा आधीसारखाच उसवतो.

खरं काम बटणांचं. बटणाची साधी टोपी, म्हणजे वरून दिसणारा भाग, रेक्झिनसाठी असते, तिची नळी कार्पेटच्या जाडीतून पलीकडे पुरेशी निघत नाही. लांब नळीची, स्टेनलेस स्टीलची मागा. बॅगवाल्यांची लोखंडी बटणं गंजून कार्पेटवर तांबडा डाग सोडतात. नवं कार्पेट तासभर उन्हात पसरून गुंडाळीचे वळ जाऊ द्या, मग सावलीत थंड करून बसवा. तापलेलं, ताणून बसवलं तर डिसेंबरच्या पहाटे बटणं आपोआप सुटतात. सरळ कडेच्या मधल्या स्टडपासून सुरुवात करा. स्टडच्या डोक्याला जुनी लिपस्टिक लावून वरून दाबलं की पाठीवर ठसा उमटतो. ठशावर तापवलेल्या दाभणाने भोक पाडा. धागे वितळून कड बंद होते. भोक नळी घट्ट जाईल एवढंच हवं. टोपीखाली येणारी लव बारीक कातरून वरून टोपी, खालून वाटी (स्टडवर बसणारा बटणाचा भाग) घाला आणि खोलगट ठोकळ्यावर दोन-तीन हलके ठोके द्या. एकच जोरदार ठोका दिला की नळी पाकळ्यांसारखी चिरते आणि बटण महिनाभरात निघतं. टोपी बोटांनी फिरवून बघा, फिरली तर ती सैल आहे. ते बटण स्टडवर दाबून बसवल्यावरच पुढचा ठसा घ्यायचा. सगळे ठसे एकदम घेतले तर २-३ मिमीची चूक साचत जाते आणि शेवटचं बटण बोटभर लांब पडतं.

एखादा स्टड जागीच फिरत असेल तर मोठा स्क्रू ठोकून भागवू नका. फायबरच्या तळाखाली प्लायवूड असलं तर त्याच भोकातून पाणी उतरतं आणि लाकूड आतून भुसभुशीत होतं. भोक कोरडं करून इपॉक्सीने भरा, दुसऱ्या दिवशी ३ मिमीचं नवं भोक पाडा, तोंड थोडं रुंद करा म्हणजे वरचा थर तडकत नाही. स्क्रूला पॉलियुरेथेन सीलंट लावा. ड्रिलच्या बिटला खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी गुंडाळा. बऱ्याच बोटींत तळाखालीच इंधनाची टाकी असते.

स्टडच्या डोक्यावर बोटाच्या टोकाएवढं व्हॅसलीन पुरतं. काढताना कड धरून ओढायचं नाही, बोट बटणाखाली घालून एकेक सोडवायचं. गाळ लागलेलं कार्पेट लगेच पाण्याखाली धरू नका, काळी माती फुगून लवेत लोण्यासारखी बसते. आधी कडक वाळवा, उलटं टांगून काठीने झोडपा, मग धुवा. परत बसवण्याआधी पाठ आणि तळ दोन्ही कोरडे आहेत ना ते हात फिरवून बघा.