तुम्ही विचारलंत म्हणून: कोवळी सफरचंदं मी का तोडते

“झाडाला आपणहून लागलेली फळं हातानं का तोडता?” हे विचारणाऱ्याच्या आवाजात बहुतेक वेळा थोडी हळहळ असते आणि थोडा आरोपही. घरच्या सफरचंदाबद्दल बाकीचं मला फारसं कुणी विचारत नाही. कलम, खुंट, खड्डा, थंडीचे तास, हे सगळं तुम्ही वाचून आलेले असता. विरळणीपाशी, म्हणजे जादा कोवळी फळं काढून टाकण्यापाशी मात्र प्रत्येक जण अडतो आणि मग ते वाक्य येतंच: “निसर्ग नको ती फळं गाळतोच की!”

गाळतो. पण स्वतःच्या हिशेबानं गाळतो. झाडाला बिया हव्या असतात, आपल्याला गर. लिंबाएवढ्या सफरचंदातही दहा बिया मावतात, त्यामुळे झाडाच्या दृष्टीनं तो बहर पूर्ण यशस्वी असतो. तशी फळं तुम्हाला चालत असतील तर पुढचं वाचायची गरज नाही, खरंच. पण मग “फळं मोठी का होत नाहीत?” आणि “यंदा फूलच का नाही?” हे दोन प्रश्न मला विचारू नका, कारण त्यांचं उत्तर एकच आहे आणि ते विरळणीत आहे.

त्याआधी एक गोष्ट हातावेगळी करते. फुलं भरपूर पण फळच धरत नाही, ही तक्रार वेगळी. सफरचंदाच्या बहुतेक जातींना दुसऱ्या जातीचे परागकण लागतात. एकाच जातीची दोन झाडं असली तरी उपयोग नाही. ब्रॅमली, जोनागोल्ड, म्युत्सू या जाती त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेल्या आहेत. त्या पराग घेतात, पण कामाचे पराग देत नाहीत; अशी जात असेल तर सोबत आणखी दोन वेगळ्या जाती हव्यात. एकमेकींच्या परागावर अवलंबून असलेल्या जातींचा बहर एकाच वेळी यायला हवा. हवा १३ अंश सेल्सियसच्या खाली असली, की मधमाश्या फारशा बाहेर पडत नाहीत. पूर्ण बहरात तापमान उणे २.२ अंशांपर्यंत उतरलं तर साधारण दहा टक्के फुलं मरतात, उणे ३.९ ला नव्वद टक्के. फूल उभं कापून बघा, मधला भाग तपकिरी-काळा दिसला तर ते गेलं. फळ एका बाजूनं चपटं, वाकडं वाढत असेल तर ते आडवं कापा. बियांच्या पाच कप्प्यांपैकी काही रिकामे सापडतील. परागीभवन अर्धवट झालं, एवढाच त्याचा अर्थ.

आता हिशेब. एका गुच्छात साधारण पाच-सहा फुलं असतात आणि मधलं आधी उमलतं. झाड किती फळं पेलेल याचा अंदाज खोडावरून बांधता येतो. कलमाच्या जोडाच्या वर वीत-दीड वीत अंतरावर खोडाचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. घेराला घेरानं गुणा आणि १२.५७ नं भागा, म्हणजे खोडाच्या छेदाचं क्षेत्रफळ मिळतं. दर चौरस सेंटिमीटरला चार ते सहा फळं ठेवायची. घेर १६ सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ वीसच्या आसपास येतं, म्हणजे फळं सुमारे शंभर. अशा झाडावर तीनशे गुच्छ आले तर फुलं झाली दीड हजार. शंभरातल्या सात फुलांचंही फळ झालं की झाड भरलं! बाकीची गेली म्हणून हळहळण्यासारखं काही नाही, ती जायलाच हवीत.

याच आकड्यांमुळे पुस्तकातला नेहमीचा सल्ला, “प्रत्येक गुच्छात एक फळ ठेवा,” अपुरा पडतो. प्रत्येकी एक ठेवलं तरी तीनशे फळं होतात, म्हणजे तिप्पट. काही गुच्छ सगळेच्या सगळे रिकामे करावे लागतात. लोकांचा हात नेमका इथे थांबतो. गुच्छातली चार काढून एक ठेवणं जमतं. पाचही काढणं जमत नाही. पण रिकामा केलेला गुच्छच पुढच्या वर्षी कामाला येणार असतो.

का, ते सांगते. सफरचंद लागतं त्या आखूड, गाठाळ फुटव्याला स्पर म्हणतात. बहरानंतरच्या सहा आठवड्यांत त्या स्परच्या परिसरात दोन कामं एकाच वेळी चालू असतात. पहिलं, फळाच्या पेशी विभागत असतात. हे विभाजन सुमारे चार-पाच आठवड्यांत बऱ्याच अंशी संपतं; त्यानंतर फळ वाढतं ते असलेल्या पेशी फुगून. पेशींची संख्या एकदा कमी राहिली, की नंतर कितीही पाणी-खत घाला, आकाराची कमाल मर्यादा ठरून गेलेली असते. दुसरं काम डोळ्यांना दिसत नाही. पूर्ण बहरानंतर साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात स्परवरची नवी कळी ठरवत असते, की पुढच्या वर्षी फूल व्हायचं की नुसती पानं. आणि कोवळ्या फळातल्या वाढणाऱ्या बिया जिबरेलिन हे संजीवक (वनस्पतीचं हार्मोन) तयार करतात, ते स्परमध्ये उतरतं आणि फूलकळी धरू देत नाही. म्हणजे यंदाचं फळ पुढच्या वर्षीच्या फुलाला शेजारी बसून अडवतं. फळाला किती अन्न लागलं हा मुद्दा त्यानंतरचा. फळांनी लगडलेलं झाड पुढच्या वर्षी जवळजवळ रिकामं, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा लगडलेलं, असं वर्षाआड चक्र सुरू होतं ते इथून. हनीक्रिस्प आणि फुजी या खोडीसाठी प्रसिद्धच आहेत. गाला त्या मानानं समजूतदार.

म्हणून तारीख महत्त्वाची. बहुतेक फुलं उमलली तो दिवस लिहून ठेवा. तिथून चाळीस दिवसांच्या आत, आणि जमलं तर पहिल्या तीन-चार आठवड्यांत विरळणी झाली, तर मोठं फळ आणि पुढचा बहर दोन्ही मिळतात. उशिरा केली तर फळ थोडं सुधारतं, फांद्या मोडायच्या वाचतात, पण पुढच्या बहराचा निर्णय झालेला असतो.

आता यावर खरा वाद आहे आणि तो मी लपवणार नाही. झाड स्वतःहून फळं गाळतं ती मोठी गळ बहरानंतर सहा-आठ आठवड्यांपर्यंत चालते. बागकामाचे बरेच जाणते सांगतात, की ती गळ संपू द्या, मग उरलेल्यांत निवड करा. मी स्वतः पूर्वी याच पक्षाची होते, आणि त्या वेळचा माझा युक्तिवाद आजही पोकळ वाटत नाही: आधीच हातानं काढली आणि मग झाडानंही गाळली, तर हाती काय उरणार? उशिरा पडणारी थंडी, कीड, गारा, सगळं अजून पुढे असतं. एकदोन झाडं असलेल्या माणसाला हा धोका परवडत नाही. पण गळ संपेपर्यंत थांबणं म्हणजे पुढच्या बहराची वेळ उलटू देणं, हेही तितकंच खरं. मी हल्ली विरळणी दोन टप्प्यांत करते. मधलं फळ साधारण १० मिलिमीटरचं झालं, की गुच्छ रिकामे करायचे आणि उरलेल्यांत दोन-दोन ठेवायची. गळ संपल्यावर त्या दोनांतलं एक. हा तोडगा आहे, उत्तर नव्हे. फार लवकर वर्षाआड जाणाऱ्या जातींत तोही कमी पडतो.

कोणतं फळ गळणार हे आधी ओळखता येतं. काही गुच्छांना खूणचिठ्ठी बांधा, फळांना क्रमांक द्या, सहा-आठ मिलिमीटरची असताना व्हर्निअरनं (बारीक माप घेणाऱ्या सरकत्या पट्टीनं) व्यास मोजा आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा मोजा. ज्या फळाची वाढ सर्वांत जोमदार फळांच्या वाढीच्या निम्म्याहून कमी, ते बहुधा गळणारच. मोजायचा कंटाळा असेल तर देठ बघा: पिवळसर पडलेला देठ, निस्तेज साल, बोटानं हलवताच निखळणारं फळ. ही आपणहून जातील, त्यांच्यावर वेळ घालवू नका.

तोडायची कशी, हेही सांगते, कारण ओढून तोडणारे बरेच पाहते. एका हातानं स्पर धरा, दुसऱ्या हातानं फळ देठापासून बाजूला मोडा. किंवा लहान टोकाची कात्री घेऊन देठाचा थोडा भाग मागे ठेवा. झटका दिला तर अख्खा स्पर हातात येतो, आणि त्याच्याबरोबर पुढची कितीतरी वर्षं. आधी डागाळलेली, खवल्या रोगाचे काळे ठिपके असलेली, अळीचं छिद्र असलेली काढा. मग लहान आणि वाकडी. मग फांदीच्या खाली, सावलीत लोंबणारी. उरलेल्यांत १५ ते २० सेंटिमीटरचं अंतर ठेवा. पडताळा हवा असेल तर पानं मोजा. एका फळामागे तीस-चाळीस निरोगी पानं असावीत.

मधलं फळ ठेवायचं की काढायचं? बहुतेक जातींत तेच सर्वांत मोठं होतं, म्हणून ठेवायचं. पण काही जातींत त्याचा देठ आखूड आणि जाड असतो, फळ बेढब होतं, फांदीवर रेटलं जाऊन सुटतं. तिथे ते काढून बाजूचं ठेवतात. दोन्ही सल्ले बरोबर आहेत आणि दोन्ही देणारे एकमेकांना अडाणी समजतात. तुमच्या झाडाचे देठ बघा आणि ठरवा.

तुमच्या बाजूनं एक गोष्ट कबूल करायला हवी. विरळणीनं त्या वर्षीचं एकूण वजन घटतं. अडीचशे फळं ९० ग्रॅमची म्हणजे साडेबावीस किलो. शंभर फळं १८० ग्रॅमची म्हणजे अठरा. वजनच हवं असेल, सगळी फळं शिजवून बरणीत भरायची असतील, तर माझा सल्ला तुम्हाला तोट्यात घालतो. मात्र पाच सेंटिमीटरची जवळजवळ तीन फळं मिळून सात सेंटिमीटरचं एक फळ होतं, आणि त्या तिघांना साली तीन, गाभे तीन. शिवाय अति विरळणीही वाईट. फळं फारच कमी ठेवली तर ती अवाजवी फुगतात, कॅल्शियम अपुरं पडतं आणि सालीखाली तपकिरी, कडवट खळगे पडतात. कधी खूप पाणी, कधी कोरडं, आणि वरून नत्राचा मारा, यानं ते आणखी वाढतं. जमिनीत कॅल्शियम असूनही असं होतं, कारण ते पाण्याबरोबर चढतं आणि जास्त बाष्प सोडणारी पानं ते ओढून घेतात. ज्या जातींना ही खोड आहे, त्यांच्या फळांवरच कॅल्शियम क्लोराइडच्या हलक्या फवारण्या घेतात, कडक उन्हात नाही.

एकमेकांना चिकटलेल्या दोन फळांमध्ये कोडलिंग मॉथ या पतंगाच्या, फळ पोखरणाऱ्या अळीला आयता आडोसा मिळतो, हेही विरळणीचं एक कारण. फळं दीड-दोन सेंटिमीटरची झाली की कागदी पिशव्या चढवता येतात, आणि शंभर फळांना ते जमतं, तीनशेंना नाही. रंग हवा असेल तर तोडणीच्या दोन-तीन आठवडे आधी पिशव्या उतरवा.

तोडणीबद्दल थोडक्यात. लाल रंगावर जाऊ नका. लालीच्या मागचा हिरवा रंग पिवळसर झाला का ते बघा. बिया तपकिरी हव्यात. नक्की करायचं असेल तर फळ आडवं कापा, फिकट तपकिरी होईपर्यंत पाणी घातलेल्या टिंक्चर आयोडीनमध्ये कापलेली बाजू बुडवा आणि मिनिटभर थांबा. काळा होतो तो स्टार्च, म्हणजे अजून साखर न झालेला पिठूळ भाग. स्टार्च गाभ्याकडून बाहेर कमी होत जातो. साठवायची असतील तर गाभा पांढरा पण गर अजून बराच काळा असताना तोडा. लगेच खायची असतील तर काळेपणा सालीलगत उरू द्या. आयोडीन लावलेलं फळ टाकून द्यायचं. तोडताना फळ तळहातात धरून वर उचला आणि किंचित फिरवा, खाली ओढू नका. पुढच्या वर्षीची कळी देठाच्या बाजूलाच बसलेली असते.

एक प्रश्न उरतो, त्याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही. चक्र आधीच लागलेलं असेल, यंदा झाड रिकामं गेलं असेल, तर पुढच्या वर्षी प्रत्येक स्परवर फूल येणार. तेव्हा फळं धरेपर्यंतही थांबू नये, कळ्या गुलाबी असतानाच निम्मे गुच्छ चिमटीनं खुडावेत, असं माझं मत. पण थंडीची शेवटची रात्र त्यानंतर आली तर राहिलेली निम्मीही जातात, आणि मग दोष माझाच. ज्यांच्याकडे बहरात पारा उणे दोनच्या खाली उतरतो, त्यांनी पाकळ्या गळेपर्यंत थांबावं आणि मग मात्र आठवड्याभरात हात चालवावा.