या वयात मोडी कशाला?

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या बाकावर, अगदी डॉक्टरांकडे नंबर येईपर्यंतसुद्धा हा प्रश्न मला विचारला जातो. "काकू, बँकेतून रिटायर झालात, आता आराम करायचा सोडून मोडी लिपी कशाला शिकताय? डोळ्यांना ताप, आणि आता थोडीच नोकरी लागणार आहे?" विचारणाऱ्याच्या मनात काळजी असते, म्हणून उत्तरही नीट द्यावंसं वाटतं.

काही जण माझ्या वतीने परस्पर सांगून टाकतात, "मेंदूला व्यायाम!" तेवढ्यासाठी असतं तर शब्दकोड्यांवर भागलं असतं. मी मोडीला धरून राहिले ते वेगळ्या कारणाने. ही विद्या पिकल्या वयाला जास्त मानवते.

मोडीत आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून घेतात आणि तिच्याखाली, हात शक्यतो न उचलता, अक्षरं लिहीत जातात. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, वेलांटी-उकारात ऱ्हस्व-दीर्घ नाही. छपाईला देवनागरी सोयीची ठरली आणि विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून गेली. मागे उरले कागदांचे ढीग. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत, भारत इतिहास संशोधक मंडळात आहेत, आणि कितीतरी घरांच्या माळ्यावर ट्रंकांमध्येही आहेत.

वर्गातली कॉलेजची मुलं मुळाक्षरं आमच्या कितीतरी आधी पाठ करतात. त्यांचा वेग बघून कौतुक वाटतं. पण खरा कागद समोर आला की गंमत सुरू होते. एकदा एका ओळीत सलग होतं, "भातबारापायलीदिल्हे". माझ्या शेजारच्या मुलीने सगळी अक्षरं बरोबर लावली आणि "भात बारा पाय" इथे येऊन अडली. पुढचं "लीदिल्हे" काही केल्या लागेना. मला ते बघताक्षणी लागलं, कारण कोकणातल्या आमच्या घरी भात पायलीनेच मोजलं जायचं. चार शेरांची पायली, वीस मणांची खंडी. मण किती पायल्यांचा, हे मात्र मुलखागणिक बदलायचं. त्या मुलीने पायली कधी पाहिलीच नव्हती. मी तिला पायली समजावली, तिने मला पुढच्या ओळीतलं जोडाक्षर सोडवून दिलं. बारा पायली भात दिल्याची ती नोंद आम्ही दोघींनी मिळून वाचली.

मोडीत अक्षर ओळखणं हे निम्मंच काम. उरलेलं काम मागचापुढचा संदर्भ बघून अंदाज बांधण्याचं, आणि अंदाजाला साठा लागतो. सारा, मक्ता, आणे-पै, देणंघेणं, भाऊबंदकी हे सगळं ज्याने पाहिलंय त्याचा इथे कोणी हात धरू शकत नाही. वयाबरोबर वेग मंदावतो, पण शब्दांचा साठा बराच काळ टिकतो. मग ज्यात तो साठा खर्ची पडेल असं काही का शिकू नये?

कालगणनेचंच घ्या. पत्रावर "इहिदे सितैन मया व अलफ" असं लिहिलेलं दिसतं. हे सुहूर सन, म्हणजे जुन्या कागदांतली एक कालगणना, अरबी संख्याशब्दांत लिहिलेली. इहिदे म्हणजे 1, सितैन 60, मया 100, अलफ 1000. बेरीज 1161. हे वर्ष मृगापासून सुरू होतं, त्यामुळे महिना बघून 599 किंवा 600 मिळवायचे. आलं 1760-61. पानिपतचं साल! हे पहिल्यांदा माझं मला सुटलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

अवघड असणंही महत्त्वाचं आहे. अमेरिकेत डेनिस पार्क आणि सहकाऱ्यांनी साठी ते नव्वदीच्या लोकांना तीन महिने डिजिटल फोटोग्राफी किंवा गोधडीकाम शिकवलं. 2014 मध्ये त्यांनी मांडलेल्या निष्कर्षांत शिकणाऱ्यांची, विशेषतः फोटोग्राफीवाल्यांची, स्मरणशक्ती सुधारलेली दिसली. नुसत्या गप्पा आणि सहली करणाऱ्या गटात तेवढा फरक पडला नाही. म्हणून "जमेल तेवढं सोपं काहीतरी करा" हा सल्ला ज्येष्ठांना कोणी दिला की मला मनापासून वाईट वाटतं.

आणि उपयोग म्हणाल, तर 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणारे जिल्ह्याजिल्ह्यांत शोधावे लागले. एका जुन्या ओळीवर एखाद्या घराचा दाखला अडून राहतो. तिथे वाचणाऱ्याचं वय कोण बघतो?

तुम्हालाही शिकायचं असेल तर आधी डोळे तपासून घ्या, ऐकू कमी येत असेल तर यंत्र लावायला लाजू नका, कारण वर्गात शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. सुरुवात पेशवेकाळातल्या कागदांपासून करा, बोरूने लिहिलेलं ते अक्षर बरंच सुटसुटीत असतं. आणि माळ्यावर जुनी खरेदीखतं, पत्रं सापडली तर ती लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका. फोटो काढून मला दाखवा, बसू आपण वाचत.