तुम्ही विचारलंत म्हणून: मूळचे कुठले?

आडनाव सांगितलं की हाच प्रश्न येतो. सोलापूर म्हणावं, तर लगेच, "ते झालं हो, पण मूळचे कुठले?"

आम्ही पद्मशाली. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. करीमनगर, वरंगल, नलगोंडा या निजामाच्या मुलखातून आमचे विणकर इथं आले, कारण तिकडं मागावर पोट भरेना. इथं सुताचा बाजार होता आणि 1877 मध्ये ‘जुनी मिल’ म्हणतात ती कापडगिरणी उभी राहिली होती. पुढं चादर आली, टॉवेल आला, बायकांच्या मांडीवर विडीचं सूप आलं. आता तिकडचे नातेवाईक आमची तेलुगू ऐकून हसतात. मग आम्ही तिकडचे तरी कसे?

माझ्या जात पडताळणीच्या वेळी 1967 च्या आधीचा पुरावा हवा होता. आजोबांचा शाळेचा दाखला मिळाला. त्यावर जातीच्या रकान्यात लिहिलं होतं, "तेलंगी". मास्तरांनी भाषा ऐकली आणि जात म्हणून टाकली. खिडकीतल्या माणसानं कागद परत सरकवला. "ही जात नाही. तुम्ही नक्की कोण?"

सोबत अव्वा होती, माझी आजी. पानं कातरून घट्टे पडलेली बोटं तिनं खिडकीच्या कडेवर ठेवली आणि अर्ध्या तेलुगूत, अर्ध्या मराठीत सांगू लागली. मार्कंडेय महामुनी, त्यांचे पुत्र भावनाऋषी, त्यांनी कमळाच्या तंतूंचं देवांसाठी विणलेलं कापड, मग आमचं गोत्र. मागं रांग हसली. मी तिचा हात खाली ओढला. म्हणाले, "अव्वा, गप गं, इथं पोथी नको." ती गप्प झाली. घरी येईपर्यंत बोलली नाही, आणि मीही माफी मागितली नाही.

तेव्हा मी सगळ्यांना ठणकावून सांगायचे की कमळाचा धागा वगैरे भाकडकथा, आपण भुकेनं आलेले मजूर. भूक खरी होती, ते आजही मागं घेत नाही. पण अव्वाकडं कागद नव्हता. होतं ते तिनं खिडकीवर मांडलं, आणि ते मी उचलून फेकलं. आमच्यातले काही जण जानव्याकडं बोट दाखवून आपण ब्राह्मणच असं सांगतात, ते मला आजही पटत नाही. तरी नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघाला की मी हात जोडून उभी असते. कशासाठी, ते मला धड सांगता येत नाही.

शेवटी चुलत आजोबांच्या नोंदीवर काम झालं. त्यात स्वच्छ "पद्मशाली" होतं. सख्खे भाऊ, शाळा वेगळ्या, जाती दोन. आजोबांच्या दाखल्यावर अजून "तेलंगी"च आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तो मी अव्वाच्या कातरीजवळ ठेवलाय.