वाई ते आर्थरसीट: पानांवरून झाडं ओळखत

झाडं बघायला महाबळेश्वरला निघाला असाल तर वाईपासूनच खिडकीबाहेर लक्ष ठेवा. वाईला वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरच्या आत, वर महाबळेश्वरला पाच हजारांच्या पुढे, आणि मधलं अंतर तीस-बत्तीस किलोमीटर. तेवढ्यात जंगलच बदलतं.

आम्ही मार्चमध्ये गेलो. पसरणी घाटात पळस-पांगारे पानं झाडून लाल झाले होते. पाचगणीचे सिल्व्हर ओक देखणे खरे, पण ते मूळचे ऑस्ट्रेलियातले. या हिशेबात धरू नका. पुढे सावली दाट होते आणि सगळंच जांभळाच्या झाडासारखं दिसू लागतं.

इथे फुलं शोधू नका, डहाळी हातात घ्या. पानं समोरासमोर आणि कडेलगत एक बारीक शीर धावतेय? जांभूळ. समोरासमोरच, पण जाड, चामड्यासारखी, बाजूच्या शिरा जवळजवळ गायब? अंजनी. फांदीच्या टोकाला पानांचा घोळका आणि पान खालून पांढुरकं असेल तर पिसा. देठाला पानाजवळ दोन बारीक गाठी लागल्या की हिरडा. काट्यांच्या जोड्या दिसल्या तर बहुधा गेळा, हात जपा.

अंजनी मार्चमध्ये चुकतच नाही. निळ्या-जांभळ्या फुलांचे झुपके पानांच्या खाली, थेट जुन्या फांदीलाच चिकटलेले. भिंग लावलं तर चार पाकळ्या आणि आठ पुंकेसर मोजता येतात.

महाबळेश्वरच्या आर्थरसीट पॉइंटच्या वाटेवर कड्यालगतची जांभळं, अंजनी वाकडीतिकडी, डोक्याएवढ्याच उंचीची. ती कोवळी नव्हेत. खाली जांभा खडक, वर मातीचा पातळ थर, समोरून कोकणातला वारा, आणि पाऊस सरला की सात-आठ महिने कोरडे. झाड वाढणार किती? तीच जात आतल्या घळीत चांगली उंच दिसते. उतारावरची कारवीची झुडपंही एकाच उंचीची, कारण ती सगळी एकाच पावसात रुजलेली. काही वर्षांनी एकदमच फुलतात आणि बी टाकून मरतात.

पहाटे आत एकटं शिरू नका, गवे असतात. पानं तोडण्यापेक्षा फोटो काढा: पानाची वरची बाजू, खालची बाजू आणि देठ फांदीला मिळतो ती जागा. तिसरा फोटो लोक विसरतात, आणि नाव नेमकं तिथेच अडतं. आर्थरसीटला खाऊची पिशवी गाडीतच राहू द्या, माकडं टपलेली असतात.