सहा सेकंद

"एक दात बोथट राहिला ना दादा, की अख्खी चेन ओढ खाते."

सातपूरच्या दुकानात आज चेनसॉला, म्हणजे लाकूड कापायच्या इंजिनवाल्या करवतीला, धार लावायला गेलो होतो. मिस्त्री गोल कानस घेऊन एकेक दात घासत होते, दर वेळी अंगठा आडवा फिरवून बघत होते.

एवढं कशाला, विचारलं तर मोबाईलच पुढे केला. परदेशातली 'हॉट सॉ' स्पर्धा, म्हणजे चेनसॉने ओंडका कापायची शर्यत. मुद्दाम घडवलेलं इंजिन, मशीनचं वजन 27 किलोपर्यंत. 46 सेंटिमीटर जाड ओंडक्याच्या तीन चकत्या. वरून खाली, खालून वर, परत वरून खाली. टोकाच्या 15 सेंटिमीटरातच तिन्ही बसवायच्या, एकही अर्धवट निघाली तर बाद. जेमतेम सहा सेकंदांत सगळं संपलं!

त्यासाठी वर्षभर इंजिन खोलायचं, जुळवायचं, पैसा ओतायचा. आणि दात? ते तिकडेही हातानेच घासतात, मिस्त्री म्हणाले. हे सांगताना त्यांचा चेहरा काय खुलला होता!

मागच्या वेळी याच कामाचे वीस रुपये मी कमी करायला लावले होते. घरी येईपर्यंत तेच डोक्यात.

तुमच्याकडे अजून हाताने धार लावणारं कोण आहे?